परीक्षेपासून संशोधनापर्यंत : मुंबई विद्यापीठातील अभ्यासक्रम आणि पैसा

मुंबई विद्यापीठाचा कायदा 18 जुलै 1857 रोजी, उत्तरेत उठाव पेटलेला असताना, मंजूर झाला. 1854 च्या वुडच्या खलित्यात लंडन विद्यापीठाचा नमुना सुचवला होता आणि तोच इथे उचलला गेला. त्यानुसार शिकवणे हे महाविद्यालयांचे काम होते, तर विद्यापीठाकडे परीक्षा घेणे आणि पदव्या देणे एवढेच होते. 1862 मध्ये महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे हे चौघे पहिले बी.ए. झाले. त्यांना घडवले ते एल्फिन्स्टन कॉलेजने. विद्यापीठाकडे स्वतःचा एकही वर्ग नव्हता.

अशा संस्थेला मोठा खर्च नसतो. परीक्षांच्या शुल्कावर तिचा गाडा चालतो. शहरातल्या धनिकांनी पैसा दिला, पण तो प्रामुख्याने दगडात, पदकांत आणि पारितोषिकांत गेला. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून दीक्षान्त सभागृह झाले. प्रेमचंद रायचंद यांच्या पैशातून ग्रंथालय उभे राहिले आणि 1878 मध्ये राजाबाई टॉवर पूर्ण झाला. प्राध्यापकाच्या पगारासाठी ठेव ठेवावी असे फारसे कोणाला सुचले नाही, आणि त्यात देणगीदारांचा दोषही नाही. विद्यापीठाला प्राध्यापकच नको होते.

अभ्यासक्रम ठरवण्याची सत्ता मात्र सिनेट आणि सिंडिकेटकडे होती आणि ती काय करू शकते हे मराठीने अनुभवले. 1860 च्या दशकात वरच्या परीक्षांतून देशी भाषा वगळल्या गेल्या आणि संस्कृत, लॅटिन यांसारख्या अभिजात भाषा राहिल्या. परीक्षेत नाही ते महाविद्यालयात कोणी शिकवत नाही, त्यामुळे मराठी वर्गातूनही गेली. रानडे यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात या निर्णयाविरुद्ध चिकाटीने झुंज दिली. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मराठीला एम.ए.च्या पातळीवर जागा मिळाली.

कर्झनच्या 1904 च्या कायद्याने विद्यापीठांना स्वतः शिकवण्याची मुभा दिली. खुद्द लंडन विद्यापीठाने तोवर केवळ परीक्षक राहणे सोडलेही होते. मुंबईत पैशाशिवाय काही हलले नाही. 1914 मध्ये भारत सरकारने समाजशास्त्र आणि अर्थशास्त्र यांसाठी अनुदान दिले. प्रत्यक्ष विभाग उभा राहिला तो 1919 मध्ये, नगररचनेचे अभ्यासक पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखाली. गेडिस यांनी हेरलेल्या गोविंद सदाशिव घुर्ये या तरुणाला विद्यापीठाने शिष्यवृत्ती देऊन इंग्लंडला पाठवले. केंब्रिजहून परतल्यावर 1924 मध्ये घुर्ये यांनी विभाग हाती घेतला. पुढे पस्तीस वर्षे भारतीय समाजशास्त्राचा मोठा भाग त्यांच्या विद्यार्थ्यांनीच लिहिला; इरावती कर्वे आणि एम. एन. श्रीनिवास त्यांतलेच. एका शिष्यवृत्तीचा इतका परतावा विद्यापीठाच्या इतिहासात क्वचितच मिळाला असेल. अर्थशास्त्राच्या विभागात के. टी. शहा आणि सी. एन. वकील यांनी चलन, व्यापार आणि सरकारी वित्त यांवर काम उभे केले.

1928 च्या कायद्याने विद्यापीठाला अध्यापन आणि संशोधनाची जबाबदारी अधिक स्पष्टपणे दिली. 1933 मध्ये रासायनिक तंत्रज्ञान विभाग निघाला आणि इथे उद्योगाची गरज आणि अभ्यासक्रम यांची थेट गाठ पडली. गिरण्यांना लागणारे कृत्रिम रंग परदेशातून, विशेषतः जर्मनीहून येत. पहिल्या महायुद्धात तो पुरवठा आटला होता. म्हणून वस्त्ररसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी हे पहिले विषय ठरले. विभागप्रमुख आर. बी. फॉर्स्टर यांच्यानंतर 1938 मध्ये रंगद्रव्यांचे अभ्यासक के. व्यंकटरामन आले. 1943 मध्ये विभाग माटुंग्याला स्वतःच्या वास्तूत गेला. इथून बाहेर पडलेल्यांनी पुढे कारखाने काढले आणि त्यांतल्या काहींनी विभागाला देणग्या दिल्या. सामाजिक शास्त्रांना असा आधार कधी लाभला नाही. ती सरकारी अनुदानावर आणि विद्यापीठाच्या सामान्य निधीवरच राहिली.

स्वातंत्र्यानंतर पुणे, गुजरात, कर्नाटक अशी विद्यापीठे वेगळी झाली. 1953 च्या कायद्याने मुंबईचे क्षेत्र बृहन्मुंबईपुरते आखले. 1956 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाला कायद्याचा आधार मिळाला आणि संशोधनाच्या पैशाचा एक मोठा स्रोत दिल्लीत गेला. 1960 च्या दशकात आयोगाने निवडक विभागांना प्रगत अध्ययन केंद्रांचा दर्जा दिला. मुंबईच्या अर्थशास्त्र विभागाला तो मिळाला. पगाराचा भार राज्याकडे, संशोधनाची मान्यता केंद्राकडे, आणि संलग्न महाविद्यालयांच्या परीक्षा मात्र विद्यापीठाच्याच गळ्यात, अशी ही विभागणी. परीक्षार्थींची संख्या वाढत गेली तसतसे परीक्षा हेच पुन्हा प्रशासनाचे मुख्य काम झाले.

ज्या घटकांना पैसा आणि नाव होते, त्यांनी मग वेगळी वाट धरली. माटुंग्याच्या विभागाला 2004 मध्ये स्वायत्त संस्थेचे रूप मिळाले आणि 2008 मध्ये तो अभिमत विद्यापीठ होऊन मुंबई विद्यापीठातून बाहेर पडला. 2019 मध्ये एल्फिन्स्टन महाविद्यालय, सिडनहॅम महाविद्यालय आणि विज्ञान संस्था या जुन्या सरकारी संस्थाही डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ या समूह विद्यापीठात गेल्या. केंद्राच्या राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियानात अशा समूह विद्यापीठांसाठी स्वतंत्र निधीची तरतूद होती.