प्राप्तिकर आणि कर्त्याचा भार

घरांत मिळविता एक आणि पंक्तीला पानें दहा, ही स्थिति मध्यमवर्गीय हिंदु कुटुंबाला नवी नव्हती. विधवा आत्या, शिकणारा धाकटा भाऊ, पोरका भाचा, वृद्ध मातापितरें या सर्वांचा भार कर्त्या पुरुषानें वाहावा, हा कुलधर्मच मानला जाई. सरकारनें प्राप्तीवर कर बसविला, तेव्हां या भाराची दखल कितपत घेतली, याचा इतिहास उद्बोधक आहे.

१८५७ च्या उठावानंतर खालावलेल्या तिजोरीची भर करण्यासाठीं जेम्स विल्सन यांनीं १८६० मध्यें हिंदुस्थानांत प्राप्तिकर आणला. तो १८६५ मध्यें बंद झाला. परंतु १८८६ च्या कायद्यानें त्याला स्थैर्य आलें. या कायद्यानें अविभक्त हिंदु कुटुंब हा स्वतंत्र करदाता मानला. कुटुंबावर एकदां आकारणी झाली, म्हणजे त्यांतील हिश्श्यावर सभासदाला पुन्हां कर द्यावा लागत नसे. १९२२ च्या कायद्यानें हेंच तत्त्व चालू ठेविलें. त्या वेळीं व्यक्तीला ५०,००० रुपयांवरील उत्पन्नावर सुपर-टॅक्स लागे. अविभक्त कुटुंबाला ती मर्यादा ७५,००० रुपयांची होती.

ही सवलत वरवर पाहतां उदार दिसते. परंतु ती मिळे सामाईक मिळकतीला, सामाईक चुलीला नव्हे. ज्याच्या घरीं वडिलोपार्जित पेढी, त्याचें कुटुंब सरकारदरबारीं कुटुंब ठरलें. ज्याच्या घरीं केवळ मासिक पगार, तो दहा माणसें पोशीत असला तरी एकटाच गणला गेला.

शिक्षितांच्या कमाईचा वाद तर न्यायासनापुढेंच गेला. कुटुंबाच्या खर्चानें विशेष शिक्षण घेऊन सनदी नोकरींत शिरलेल्या एका गृहस्थाची मिळकत सामाईक होय, असा निर्णय प्रिव्ही कौन्सिलनें १९२१ मध्यें दिला. त्यावर उपाय करण्यास बॅ. मुकुंदराव जयकर यांनीं पुढाकार घेतला, आणि १९३० च्या कायद्यानें विद्येच्या बळावर मिळविलेलें धन मिळविणाऱ्याचेंच ठरलें. मग त्या विद्येचा खर्च कुटुंबानें केलेला कां असेना! व्यक्तीला हें स्वातंत्र्य मिळालें हें इष्टच झालें. परंतु शिकून वर आलेला भाऊ मागच्यांचें ऋण फेडीतच राहिला, आणि फेडलेल्या रकमेवरहि कर भरीत राहिला.

खुद्द इंग्लंडांत निराळी रीत होती. वार्धक्यानें वा दुर्बलतेनें परावलंबी झालेल्या नातलगाला, अथवा विधवा मातेला पोसणाऱ्यास १९२० च्या कायद्यानें २५ पौंडांची वजावट दिली. तेथें मिळकत कोणाची यापेक्षां सांभाळ कोण करतो, हें विचारलें गेलें. एकत्र कुटुंबाच्या देशांत मात्र १९२२ च्या कायद्यांत अशा वजावटीस स्थान मिळालें नाहीं.

स्वातंत्र्यानंतर १९५५ मध्यें विवाहितांना २,००० व अविवाहितांना १,००० रुपये अशी करमुक्त मर्यादा ठरली. म्हणजे कायद्याला प्रथम पत्नी दिसली. पुढें १९६१ च्या कायद्यांत अपंग आश्रितांसाठीं जी वजावट आली, तींत आईबापांबरोबर भाऊबहिणींचीहि गणना झाली. आत्या आणि भाचा मात्र त्या यादींत आलेच नाहींत. करविवरणांत त्यांना रकाना नव्हता; कर्त्याच्या घरांत मात्र त्यांचें पान रोज मांडलें जात होतें.