विमान देखभाल अभियंता : शिक्षण व परवाना

विमानाची तपासणी, दुरुस्ती व सुटे भाग बदलण्याचे काम करून ते उड्डाणास योग्य असल्याचे प्रमाणित करणारा परवानाधारक तंत्रज्ञ. व्यवहारात त्याला ‘एएमई’ म्हणतात. हा परवाना महाविद्यालय देत नाही. भारतात तो नागरी विमान वाहतूक महासंचालनालय (डीजीसीए) देते. त्याला विमान नियम, 1937 मधील नियम 61 चा आधार असून तपशील सीएआर-66 या नियमावलीत आहेत. ही नियमावली युरोपीय पद्धतीवर बेतलेली आहे.

प्रवर्ग : ‘ए’ प्रवर्गाचा परवानाधारक ठरावीक किरकोळ कामे स्वतः करून तेवढ्यांपुरतीच सही करू शकतो. ‘बी-1’मध्ये विमानाचा सांगाडा, इंजिन, यांत्रिक व विद्युत यंत्रणा येतात. त्याचे बी-1.1 (टर्बाइन विमाने), बी-1.2 (पिस्टन विमाने), बी-1.3 (टर्बाइन हेलिकॉप्टर) व बी-1.4 (पिस्टन हेलिकॉप्टर) असे पोटभाग आहेत. ‘बी-2’ हा एव्हिऑनिक्सचा, म्हणजे दळणवळण, दिशादर्शन व स्वयंचलित नियंत्रण यंत्रणांचा प्रवर्ग होय. हँगरमधील मोठ्या तपासणीनंतर संपूर्ण विमान सेवेत सोडण्याचा अधिकार ‘सी’ प्रवर्गाला असतो.

शिक्षण : भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित घेऊन बारावी किंवा अभियांत्रिकी पदविका झालेल्यांना सीएआर-147 या प्रशिक्षण संस्थांविषयीच्या नियमावलीखाली मान्यता असलेल्या संस्थेत प्रवेश मिळतो. बी-1.1 व बी-2 या अभ्यासक्रमांचा किमान कालावधी प्रत्येकी 2,400 तासांचा असून त्यात वर्ग आणि कार्यशाळा दोन्ही येतात. गणित, वीज, पदार्थ व हार्डवेअर, वायुगतिकी, गॅस टर्बाइन इंजिन, हवाई कायदे असे विषय ‘मॉड्यूल’ म्हणून मांडलेले असतात. थकवा, घाई, पाळीबदलाच्या वेळी अर्धवट राहिलेला निरोप यांतून चुका कशा घडतात, हे शिकवणारे मानवी घटकांवरचे स्वतंत्र मॉड्यूलही त्यात आहे. कार्यशाळेत रिव्हेट मारणे, टॉर्क रेंचने ठरलेल्या मापाइतकेच आवळणे, नट-बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून सेफ्टी वायर बांधणे, बोरोस्कोपने इंजिनाचा अंतर्भाग पाहणे ही कामे हाताखालून जातात. परीक्षेत उत्तीर्ण होण्यास प्रत्येक मॉड्यूलमध्ये 75 टक्के गुण लागतात.

अनुभव व जबाबदारी : परीक्षा झाल्या तरी चालू विमानांवरील अनुभवाशिवाय परवाना मिळत नाही. मान्य अभ्यासक्रम पूर्ण केलेल्याला बी-1.1 किंवा बी-2 साठी 2 वर्षे, तर तांत्रिक शिक्षण नसलेल्याला 5 वर्षे अनुभव लागतो. एअरबस ए-320 वा बोइंग 737 सारख्या मोठ्या विमानांवर सही करण्यासाठी त्या त्या प्रकाराचे वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते. परवाना नसलेला टेक्निशियन काम करतो, पण विमान सेवेत सोडण्याच्या प्रमाणपत्रावर सही अधिकृत अभियंत्याचीच असते. त्या कामाचे उत्तरदायित्वही सहीबरोबर त्याच्याकडे येते.

महाराष्ट्रातील स्थिती : राज्यात हवाई प्रशिक्षणाची परंपरा जुनी आहे. जुहू येथील बॉम्बे फ्लाइंग क्लब 1928 चा. नाशिकजवळ ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात मिग-21 व पुढे सुखोई-30 एमकेआय विमाने तयार झाली. तेथेच हवाई दलाचा 11 क्रमांकाचा बेस रिपेअर डेपो आहे. नागपूरच्या मिहान प्रकल्पात बोइंगने उभारलेले देखभाल केंद्र 2015 मध्ये एअर इंडियाकडे आले. ते तिची अभियांत्रिकी कंपनी एआयईएसएल चालवू लागली. एअर इंडिया 2022 मध्ये टाटा समूहाकडे गेली, मात्र एआयईएसएल त्या व्यवहारात नव्हती.

बुलढाणा जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. त्यामुळे अमडापूर (ता. चिखली) सारख्या गावातील विद्यार्थ्याला बारावी विज्ञान किंवा पदविकेपर्यंतचे शिक्षण परिसरात घेता आले, तरी विमानावरील शिक्षणासाठी पुणे, मुंबई वा नागपूर गाठावे लागते. खासगी संस्थांचे शुल्क काही लाखांत जाते. आयटीआय करून कारखान्यात शिकाऊ उमेदवार होण्याचा मार्ग स्वस्त असतो. पण तो जोडणी व उत्पादनाच्या कामाकडे नेतो, डीजीसीएच्या परवान्याकडे आपोआप नेत नाही. संस्थेची सीएआर-147 मान्यता, ती कोणत्या प्रवर्गासाठी आहे आणि अनुभवाची सोय कोणत्या देखभाल केंद्रात होते, या तीन बाबींवर अभ्यासक्रमाचे व्यावसायिक मूल्य ठरते.