जमिनीच्या दाव्यांतून उभी राहिलेली मूलभूत चौकट

राज्यघटना बदलण्याचा संसदेचा अधिकार कुठपर्यंत जातो, हा वाद भारतात प्रथम पेटला तो जमिनीवरून. बिहारच्या जमीनदारी निर्मूलन कायद्याला दरभंग्याचे महाराज कामेश्वर सिंह यांनी आव्हान दिले आणि मार्च १९५१ मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. जमीनदारी मोडण्याचे वचन काँग्रेसने दिलेले होते. ते कोर्टात अडकून पडणे नेहरू सरकारला परवडणारे नव्हते. घटना लागू होऊन दीड वर्षही झाले नव्हते, तोच पहिली घटनादुरुस्ती झाली आणि तिने नववे परिशिष्ट जोडले. या परिशिष्टात नोंदलेला कायदा मूलभूत हक्कांचा भंग करतो म्हणून रद्द करता येणार नव्हता. आरंभी त्यात १३ कायदे होते.

सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी, शंकरी प्रसाद खटल्यात, ही दुरुस्ती वैध मानली. पुढे सज्जन सिंह खटल्यात सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या पीठाने तेच मत कायम ठेवले. मात्र त्या पीठावरील न्या. ज. र. मुधोळकर यांनी घटनेच्या मूलभूत वैशिष्ट्यांत बदल करणे ही दुरुस्ती म्हणावी काय, अशी शंका नोंदवली. त्या वेळी तिच्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही.

१९६७ साली चित्र पालटले. पंजाबातील गोलकनाथ कुटुंबाच्या जमिनीच्या खटल्यात ११ न्यायाधीशांनी ६ विरुद्ध ५ अशा बहुमताने संसदेला मूलभूत हक्क कमी करता येणार नाहीत, असे ठरवले. पाठोपाठ १९७० मध्ये बँक राष्ट्रीयीकरणाचा कायदा आणि संस्थानिकांची मान्यता व तनखे काढून घेणारा आदेश, दोन्ही न्यायालयात टिकले नाहीत. इंदिरा गांधींनी लोकसभा विसर्जित केली, १९७१ च्या निवडणुकीत ३५२ जागा मिळवल्या आणि २४ व्या दुरुस्तीने गोलकनाथ निकाल पुसून टाकला. न्यायालय मालमत्तावाल्यांच्या बाजूचे आहे, हा त्या काळचा आरोप निराधार म्हणता येत नाही; तोवरच्या मोठ्या खटल्यांत दाद मागणारे बहुतेक जमीनदार, भागधारक आणि संस्थानिकच होते.

केरळातील एडनीर मठाचे केशवानंद भारती हेही मठाच्या जमिनींसाठीच न्यायालयात आले होते. १३ न्यायाधीशांच्या पीठापुढे ६८ दिवस युक्तिवाद चालले. मुंबईचे दोन नामांकित वकील समोरासमोर होते: स्वामींसाठी नानी पालखीवाला, केरळसाठी एच. एम. सीरवई. २४ एप्रिल १९७३ रोजी ७ विरुद्ध ६ असा निकाल लागला. संसद घटनेचे कोणतेही कलम दुरुस्त करू शकते, पण घटनेची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. पारडे फिरवणारे मत न्या. हंसराज खन्ना यांचे होते, आणि त्यांनी मालमत्तेचा हक्क या चौकटीत धरला नाही. केरळच्या जमीन कायद्यांना नवव्या परिशिष्टात संरक्षण देणारी २९ वी दुरुस्तीही वैध ठरली. लगोलग सरकारने बहुमतातील शेलाट, हेगडे व ग्रोव्हर या तीन ज्येष्ठ न्यायाधीशांना डावलून अल्पमतातील अजितनाथ रे यांना सरन्यायाधीश नेमले. तिघांनी राजीनामे दिले.

एका मताने तरलेले हे तत्त्व खरे रुजले ते १९७५ मध्ये. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १२ जून रोजी इंदिरा गांधींची निवड रद्द केली, २५ जूनला आणीबाणी आली, आणि ऑगस्टमध्ये ३९ व्या दुरुस्तीने पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयांच्या कक्षेबाहेर नेली. हा वाद ज्या पाच न्यायाधीशांपुढे आला त्यांतील चौघे १९७३ साली अल्पमतात होते. तरीही केशवानंद निकाल बंधनकारक धरून न्यायालयाने ती तरतूद रद्द केली. इंदिरा गांधींची निवड मात्र पूर्वलक्षी प्रभावाने बदललेल्या निवडणूक कायद्याच्या आधारे कायम राहिली. रे यांनी केशवानंद निकालाच्या फेरविचारासाठी बसवलेले १३ जणांचे पीठही दोन दिवसांतच बरखास्त झाले.

पण याच न्यायालयाने एप्रिल १९७६ मध्ये, आणीबाणीत स्थानबद्ध केलेल्यांना सुटकेसाठी दाद मागता येणार नाही, असा ४ विरुद्ध १ निकाल दिला. अनेक उच्च न्यायालयांनी उलट मत दिले असताना हे घडले, हा त्या इतिहासातला सर्वांत काळा भाग. एकटे खन्ना विरोधात गेले. जानेवारी १९७७ मध्ये त्यांनाही सरन्यायाधीशपदासाठी डावलण्यात आले.

४२ व्या दुरुस्तीने संसदेच्या अधिकाराला मर्यादाच नाही असे घटनेत लिहिले होते. मिनर्व्हा मिल्स खटल्यात १९८० साली ते रद्द झाले. बहुमताचा निकाल सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी लिहिला. १९७३ साली ते अल्पमतात होते. मालमत्तेचा हक्क तोवर ४४ व्या दुरुस्तीने मूलभूत हक्कांतून गेलाही होता. महाराष्ट्राच्या कमाल जमीनधारणा कायद्यावरील वामनराव खटल्यात त्यांच्याच पीठाने रेषा आखली: २४ एप्रिल १९७३ नंतर नवव्या परिशिष्टात घातलेले कायदे मूलभूत चौकटीच्या कसोटीवर तपासता येतील. २००७ मध्ये, परिशिष्टातील नोंदी २८४ वर गेल्या असताना, नऊ न्यायाधीशांनी कोएल्हो खटल्यात हीच रेषा एकमताने कायम केली.