शिकेकाईच्या पातेल्यापासून एक रुपयाच्या पुडीपर्यंत



उन्हाळ्यात आमच्या कोथरूडच्या सोसायटीत महापालिकेचं पाणी कमी पडलं की टाकीत बोअरचं पाणी सोडतात. यंदाही सोडलं आणि महिन्याभरात लेकीचे केस केरसुणीसारखे झाले. तिने एक महागडी 'केराटिन'वाली बाटली आणली. मी सवयीप्रमाणे मागची बारीक अक्षरं वाचायला बसले. केराटिन बहुतेक वेळा लोकर, पिसं, शिंगं यांपासून काढतात. बाटलीवर हिरवा ठिपका कुठेच नव्हता. "मग आजी काय लावायची?" लेकीने विचारलं. त्या प्रश्नापायी मी जे वाचलं, ते आज तुमच्यासाठी.

सासूबाईंचं रविवारचं पातेलं मला आठवतं. शिकेकाई, रिठा, आवळा, वाळवलेली संत्र्याची साल. उकळायचं, गाळायचं आणि डोळे घट्ट मिटून बसायचं. शिकेकाई-रिठ्यात सॅपोनिन असतं, त्याला फेस येतो आणि तेल निघतं. शिवाय शिकेकाईचं पाणी किंचित आंबट. केसांना तेच मानवतं.

गंमत म्हणजे 'शाम्पू' हा शब्दही इथलाच. आपण पाय 'चेपतो', हिंदीत 'चाँपना' म्हणतात, त्यातलाच तो. पाटण्यात जन्मलेले शेख दीन महंमद इंग्लंडला गेले आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रायटनला त्यांनी वाफारा आणि मालिश देणारं स्नानगृह चालवलं. त्याला ते 'शाम्पूइंग' म्हणत. इंग्लंडच्या राजघराण्यातही त्यांची नेमणूक झाली. म्हणजे आधी शाम्पू ही मालिश होती. केस धुण्याचा अर्थ त्याला नंतर चिकटला.

मधल्या काळात घरोघर साबण आला. आपल्या लोकांची अडचण होती ती त्यातल्या चरबीची. पहिल्या महायुद्धानंतरच्या वर्षांत मुंबईत गोदरेजांनी वनस्पती तेलाचा साबण काढला. चरबी नको असलेल्या घरांची मोठी सोय झाली. पण डोक्याला तोही चालेना. साबण अल्कधर्मी, त्यात जड पाणी. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाची गाठ पडली की पांढुरका चिकट साका होतो आणि केसांवर बसतो. आपल्या दख्खनच्या काळ्या खडकातलं बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी असंच जड असतं. आजी साबण लागलेल्या केसांवर शेवटी लिंबाचं पाणी ओतायची, ते उगाच नव्हे.

या साक्यावरचा उपाय अमेरिकेत निघाला. १९३४ साली तिथे 'ड्रीन' नावाचा शाम्पू आला. त्यात साबण नव्हताच, कृत्रिम फेसद्रव्य होतं. जड पाण्यातही त्याचा साका होत नसे. पण ते तेल इतकं ओढून काढी की केस कोरडे पडत. त्या कोरडेपणावर कंडिशनर. ओल्या केसांवर ऋण भार असतो, कंडिशनरमधल्या द्रव्यावर धन भार. ते केसाला चिकटून गुंता सोडवतं. एवढंच त्याचं काम. स्वस्त काय, महाग काय, तत्त्व तेच.

आपल्याकडे शाम्पूची बाटली बरीच वर्षं चैनीची वस्तू होती. ती मोडली तमिळनाडूतल्या कडलूरच्या चिन्नी कृष्णन यांनी. श्रीमंत जे वापरतो ते मजुरालाही परवडावं, म्हणून वस्तू पुडीत विकायची ही त्यांची कल्पना. त्यांच्या मुलांनी 'व्हेल्वेट' शाम्पू पुडीत आणला. पुढे त्यांतल्याच सी. के. रंगनाथन यांनी १९८३ साली १५,००० रुपयांवर वेगळा धंदा काढून 'चिक' आणला. रिकाम्या पुड्या परत द्या, भरलेली फुकट न्या, अशी त्यांची योजना गाजली. तेव्हापासून वाण्याच्या दुकानात पुड्यांच्या माळा लटकू लागल्या. त्या पुड्यांचा कचरा मात्र आजही आपल्या नाल्यांत आहे. म्हणून पुडी घ्यावी ती पारखण्यापुरती; मानवला की मोठी बाटली.

आता आपला प्रश्न, अहिंसेचा. २०१४ साली दोन गोष्टी झाल्या. सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी भारतात बंद झाली आणि अशी चाचणी केलेला माल आयात करायलाही बंदी आली. त्याच वर्षी साबण-शाम्पूवर हिरवा किंवा लाल-तपकिरी ठिपका द्यावा असा नियम निघाला. तरी आज काही बाटल्यांवर ठिपका दिसतो, काहींवर नाही. नसेल तर केराटिन, रेशीम प्रथिन, लॅनोलिन, अंडं, मध हे शब्द शोधा. हल्ली कांद्याचा शाम्पूही निघालाय. ज्यांच्या घरात कांदा येत नाही त्यांनी नाव वाचूनच उचलावा.

आमच्या घरी ठरलं ते असं. शाम्पू साधा, हिरव्या ठिपक्याचा, आणि तो फक्त टाळूला. कंडिशनर फक्त टोकांना, दोन मिनिटं. बोअरचं पाणी असेल त्या दिवशी लेबलवर 'ईडीटीए' असलेला शाम्पू, कारण ते पाण्यातलं कॅल्शियम धरून ठेवतं; आणि शेवटचा तांब्या पिण्याच्या पाण्याचा, त्यात चमचाभर लिंबू. कोंडा हटत नसेल तर कीटोकोनॅझोलचा औषधी शाम्पू, डॉक्टरांना विचारून, तीन ते पाच मिनिटं ठेवून मग धुवायचा. केस मूठमूठ गळत असतील तर बाटल्या बदलत बसू नका, रक्त तपासून घ्या.

लेकीने ती केराटिनची बाटली दुकानात परत केली. उरलेल्या पैशांतून शिकेकाई आणायला सांगितलीय. रविवारी पातेलं चढवणार आहोत, डोळे मात्र घट्ट मिटून!