फिटच्या गोळीची गोष्ट

मैत्रिणींनो, फिट आली की आपल्याकडे नाकाला कांदा नाहीतर चप्पल लावतात. आम्हीही लावलीय. त्याने काही होत नाही. कुशीवर वळवायचं, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट दवाखाना.

पहिलं खरं औषध 1857 मधलं, ब्रोमाइड. व्हिक्टोरिया राणीची बाळंतपणं करणाऱ्या डॉक्टर लोकॉकनी ते पाळीच्या वेळी फिट येणाऱ्या बायकांना दिलं. फिट कमी झाल्या, पण माणूस सुस्त पडायचा, तोंडावर पुटकुळ्या यायच्या. 1912 मध्ये फेनोबार्बिटोन आलं. झोप त्यानेही येते. 1938 च्या फेनिटॉइनने गुंगी कमी, पण हिरड्या सुजतात, अंगावर लव वाढते. मग वयातल्या मुली गुपचूप गोळी सोडतात आणि फिट परत येते. व्हॅल्प्रोएटने तर पोटातल्या बाळाला धोका. म्हणून दिवस राहायच्या आधीच डॉक्टरांना विचारायचं, गोळी मनाने बंद करायची नाही.

लपवाछपवीला कायद्याचीही साथ होती. 1976 मध्ये हिंदू विवाह कायद्यात अपस्माराची अट घातली, ती 1999 मध्ये काढली. सासरी मात्र हे अजून कुणी सांगत नाही!

22 जुलै 2021 च्या पुरात चिपळुणात घराघरांतली औषधंही गेली. तेव्हापासून डॉक्टरांची चिठ्ठी आणि पंधरा दिवसांच्या गोळ्या आम्ही घट्ट झाकणाच्या डब्यात माळ्यावर ठेवतो.