चेतकचं डावं मनगट
व्हेस्पाचा आराखडा आखणारे कोरादिनो दास्कानिओ मूळचे हेलिकॉप्टरवाले; मोटारसायकल त्यांना फारशी आवडत नसे. म्हणून 1946च्या त्या स्कूटरचे गिअर त्यांनी पायाकडून काढून डाव्या मुठीत दिले. बूट वाचले, भार मनगटावर आला.

पुण्याजवळच्या आकुर्डीत बजाजने व्हेस्पा बनवणाऱ्या पिआजिओच्या परवान्यावर स्कूटर बनवल्या. परवाना संपल्यावर 1972मध्ये चेतक आली, तीही हेच हँडल घेऊन. क्लच दाबायचा आणि मूठ लिव्हरसकट फिरवायची. पहिल्या गिअरला लिव्हर वर, चौथ्याला खाली. म्हणजे गर्दीत दर सिग्नलला मनगट दोन्ही टोकांना वाकायचं, तेही बोटांनी क्लच आवळलेला असताना.

मोटारसायकलवाल्याला यावर सोपा इलाज असतो. लिव्हरच्या क्लॅम्पचा बोल्ट सैल करायचा, लिव्हर किंचित खाली झुकवायची, मनगट आणि कोपरापुढचा हात सरळ रेषेत आला की पुन्हा कसायचा. चेतकला ही सोय नव्हती, कारण लिव्हर फिरत्या मुठीलाच जोडलेली. मग मेकॅनिकच्या हाती उरायचं ते ग्रीस, नवी क्लच वायर आणि अ‍ॅडजस्टरचे दोन-चार आटे. वायर कोरडी पडली की मूठ घट्ट व्हायची आणि कळ थेट अंगठ्याच्या मुळाशी. तक्रार मात्र कुणी करत नसे; स्कूटर मिळायलाच वर्षानुवर्षं नंबर लावावा लागे!

1984च्या कायनेटिक होंडाने डाव्या मुठीतून गिअर आणि क्लच दोन्ही काढून टाकले. बजाजने 2019मध्ये विजेवरची चेतक सादर केली, तिच्या डाव्या मुठीत फक्त ब्रेक आहे.