दुधाचं पथ्य आणि स्टेरॉइडची गोळी

१९५५ साली ऑक्सफर्डच्या सिडनी ट्रुलव्ह आणि लेस्ली विट्स या डॉक्टरांनी अल्सरेटिव्ह कोलायटिसवर कॉर्टिझोनची चाचणी प्रसिद्ध केली. या आजारात मोठ्या आतड्याला आतून सूज येते, व्रण पडतात, रक्ताचे जुलाब होतात. चाचणीत २१० रुग्ण होते. सहा आठवड्यांनी कॉर्टिझोन घेतलेल्यांपैकी ४१ टक्क्यांची लक्षणं गेली होती, न घेतलेल्यांत १६ टक्क्यांची.

इतकं यश मिळाल्यावर ट्रुलव्ह गोळीवरच थांबले असते तर नवल नव्हतं. पण स्टेरॉइडने आलेला झटका आवरतो. पुढचा टाळता येत नाही. १९६१ साली त्यांनी दुधामुळे आजार उफाळणाऱ्या रुग्णांबद्दल लिहिलं. १९६५ साली राल्फ राइट यांच्यासोबत पथ्याचीही रीतसर चाचणी घेतली. एका गटाचं दूध बंद. तुलनेसाठी दुसऱ्याला नुसतं नावापुरतं पथ्य. दूध सोडल्याचा फायदा झाला, पण साधारण पाचातल्या एकालाच.

त्याच कुळातला दुसरा आजार क्रोन्स. त्यात आहाराचा प्रभाव अधिक ठळक दिसला. १९८४ साली लंडनमध्ये २१ रुग्णांच्या छोट्या चाचणीत नेहमीचं जेवण थांबवून दिलेला, पचायला सोपा द्रव आहार स्टेरॉइडइतकाच गुणकारी ठरला. स्टेरॉइडने मुलांची वाढ खुंटते, म्हणून लहान मुलांच्या डॉक्टरांनी ही पद्धत उचलून धरली. २००६ साली जपानमध्ये, आजार शांत असलेल्या ५१ क्रोन्स रुग्णांपैकी काहींना रोजचे निम्मे उष्मांक अशा द्रवातून दिले. त्यांच्यात आजार उलटण्याचं प्रमाण मोकळं खाणाऱ्यांच्या जवळपास निम्मं निघालं.

हा इतिहास मी वाचतो तो गरजेपोटी. मला अकरा वर्षं कोलायटिस आहे. नातेवाईक म्हणतात, गोळ्या सोड, ताक पी. तपासायला बसलेला डॉक्टर म्हणतो, काहीही खा, गोळी चुकवू नकोस. यातला डॉक्टर निम्मा तरी बरोबर आहे: बरं वाटतंय म्हणून गोळी सोडली की आजार उलटण्याची शक्यता वाढते. पण ‘काहीही खा’ म्हटल्यावर, आपण त्या पाचातले एक आहोत का, हे रुग्णाला कळायचं कसं?

मी गोळी चालू ठेवून सहा आठवडे दूध बंद केलं, रोज वहीत नोंदी केल्या. मला फरक पडला नाही. दुधाचा चहा पुन्हा सुरू आहे. गोळी कधी बंद नव्हतीच. आता तिखटाची पाळी आहे.